चांदणीचा पंचनामा

पुण्यात कोणालाही सांगा की वर्ध्याला जाऊन आले, समोरचा दोनच प्रश्न विचारतो. ऊन फार होतं का, आणि आश्रम पाहिलात का? जानेवारीत गेले होते, त्यामुळे ऊन नव्हतं. सकाळी दात वाजत होते. आश्रम मात्र पाहायचा राहिला. अहिंसेसाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात मी हिंसेवर व्याख्यान द्यायला गेले होते. आश्रम तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला होता, पण दुसऱ्याच दिवशी एका गायीनं मला उकिरड्यात भिरकावलं आणि पुढचा कार्यक्रम बदलावा लागला.

आधी माझा धंदा सांगते. मी उंदरांची भांडणं लावते. त्याचा पगार मिळतो. एका नराच्या पिंजऱ्यात दुसरा नर सोडायचा आणि घड्याळ लावून बसायचं, असं माझं साधारण काम आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक भाग असतो, त्याच्या एका कोपऱ्यात मूठभर पेशी असतात. केसाएवढ्या बारीक तारेतून त्या पेशींवर प्रकाश पाडला की शांत बसलेला नर समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. समोर कोणी नसेल तर फुगवलेल्या रबरी हातमोज्यावरही तुटून पडतो. ज्यांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभा पाहिल्या आहेत त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.

माद्यांची गोष्ट वेगळी. एरवी तोच प्रकाश पाडला तरी मादी बहुधा ढिम्म असते. पण पिल्लांना अंगावर पाजणारी मादी कुठल्याही तारेची वाट पाहत नाही. परक्याला दारातच फोडून काढते. पिल्लं मोठी झाली की पुन्हा गरीब गाय. आता असला चढ-उतार असलेला आलेख कोणाला आवडेल? म्हणून आम्ही माद्या अभ्यासातून वगळायचो, आणि वहीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचो : 'अपवाद'. मी स्वतः बाई आहे, दोन मुलांची आई आहे, आणि धाकटा तान्हा असताना मी सोसायटीच्या रखवालदारावर चप्पल उगारली होती. तरीही बारा वर्षं मी हा शब्द निर्धास्तपणे लिहीत आले.

माझी विद्यार्थिनी प्रणाली हिनं मात्र आपल्या प्रबंधाचं चौथं प्रकरण फक्त या आयांवर लिहिलं. मी ते काढायला सांगितलं. तिनं "बरं मॅडम" म्हटलं, आणि बाळंतपणाला माहेरी गेली ती फोन उचलेनाशी झाली. तिचं माहेर वर्धा जिल्ह्यात, तळेगाव श्यामजी पंत इथं. त्यामुळे वर्ध्याच्या एका महाविद्यालयाचं आमंत्रण आलं तेव्हा मी ज्ञानप्रसाराच्या तळमळीनं होकार दिला, असं निदान त्यांना कळवलं. खरं म्हणजे मला प्रणालीकडून तीन प्रकरणांचा प्रबंध हवा होता.

पहिला दिवस : केळझर

नागपूरला उतरून गाडीनं निघाले. केळझरच्या टेकडीवरच्या गणपतीचं दर्शन घेऊन पुढं जायचं होतं, पण पायथ्याशी चहाला थांबलो आणि समोर दोन सांडांची जुंपली. सांड म्हणजे मोकाट वळू. दोघांनी शिंगात शिंग अडकवलं आणि पाच मिनिटांत चहावाल्याचं बाकडं, साखरेची बरणी आणि आमच्या गाडीचा आरसा यांचा निकाल लावला. हाकलायला कोणी पुढं आलं नाही. सगळ्यांनी फोन काढले.

ज्याचं बाकडं मोडलं तो चहावाला तर भाचा मॅट्रिकला पहिला आल्यासारखा खूश होता. "पाह्यलं जी? काय मस्ती आहे त्याच्या अंगात!"

गाडीवाला आरशाचे तुकडे गोळा करत म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. मस्तीत आला आहे, तो तं काय करन बिचारा?"

मला राहवलं नाही. उरलेल्या रस्त्यात मी त्याला वृषणांतून निघणारं संप्रेरक, ते जन्माच्या आसपास मेंदू कसा घडवतं, वयात आल्यावर त्याच पेशींना कसं पेटवतं, आणि म्हणूनच बैल खच्ची केला की तो नांगराला कसा चालतो, हे सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

"म्हनजे मस्तीच ना?"

"हो, म्हणजे... हो."

"मंग हे सांगाले एवढ्या दुरून काऊन आल्या?"



बोरगाव मेघे

उतरण्याची सोय बोरगाव मेघेला, महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेच्या घरी होती. रात्री जेवायला तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, इकडे त्याला सोले म्हणतात. पहिला घास घेतल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसरा घेतल्यावर मी पुणेरी भाबडेपणानं विचारलं, "यात गूळ घालत नाही का?" त्या बाईंनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की मी पुढं तीन वाट्या आमटी मुकाट्यानं संपवली. चौथी मात्र मागून घेतली. ती आमटी इतकी चांगली होती की आमच्याकडच्या आमटीला यापुढं आमटी म्हणायची लाज वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याख्यान झालं. विषय होता 'नर का भांडतो?' मी सांगितलं की नराच्या मेंदूत भांडणाच्या आणि मीलनाच्या पेशींचा एकत्र संसार आहे, त्यामुळे कोणत्या वेळी कोणी दार उघडायचं याचा घोळ होतो. मादीत त्याच पेशी शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहतात. पोरं हसली, पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. ते नातीबरोबर आले होते आणि सभागृह गरम असेल या आशेनं बसले होते.

"मॅडम, तुमी नराचं सांगतलं. पिल्लावरची कोंबडी पाह्यली काय कधी? कुत्र्याले पयवते ते."

"तो अपवाद आहे," मी हसून म्हटलं.

आजोबांनी जरा विचार केला. "पन मॅडम, पिल्लं तं सगळ्याच कोंबड्यायले होतात."

सभागृह दणाणून हसलं. या वेळी ते माझ्या विनोदाला हसत नव्हते, हे मलाही कळलं. शाल, श्रीफळ आणि गोरसपाकचा डबा घेऊन मी सभागृह सोडलं. गोरसपाक म्हणजे गायीच्या तुपातलं इथलं प्रसिद्ध बिस्किट. तोंडात टाकलं की विरघळतं. आर्वी येईपर्यंत अर्धा डबा संपला आणि आजोबांचा विसर पडला.

दुसरा दिवस : तळेगाव

आर्वीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात आणि मधून मधून कापसाची वेचणी संपत आलेली रानं. तळेगाव मोठं गाव आहे, बाजार भरतो, रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असते. प्रणालीचं घर शोधायला वेळ लागला नाही. "हवालदार साहेबांचं घर" म्हटल्यावर तीन माणसांनी तीन दिशांनी बोट दाखवलं आणि तिन्ही बोटं एकाच निळ्या फाटकाकडे होती.

फाटकात प्रणालीचे वडील, भाऊराव. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त. मिशा अजून नोकरीवर आहेत. "जय भीम मॅडम, या," म्हणाले आणि लंगडत पुढं झाले. आत तिची आई शीलाबाई. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, पंधरा दिवसांपूर्वी अंगणात घसरून पडल्या होत्या. प्रणाली बाजेवर सव्वा महिन्याच्या मुलीला घेऊन बसली होती. मी कौतुकानं बाळाकडे हात पुढं केला.

"हात धुतले का मॅडम?" तिनं विचारलं. स्वर असा होता की मी हात मागं घेतला आणि खरोखर धुवून आले.

चहा होईपर्यंत मला कळलं की या घरात एक खटला चालू आहे. आरोपी मागच्या गोठ्यात बांधलेली होती. चांदणी नावाची गाय, इकडची गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र, उंच, लांबट तोंडाची, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. तीन आठवड्यांपूर्वी व्याली होती, गोऱ्हा झाला होता. तिची आजी शीलाबाईंबरोबर लग्नात आंदण म्हणून आली होती, आणि तेव्हापासून आजी, आई, लेक, तिघींचं दूध फक्त शीलाबाईंनी काढलं. आता त्यांचा हात मोडला. प्रणाली बाळंतीण. दूध काढायला उरले हवालदार, तेही गोऱ्ह्याला कान धरून ओढत बाजूला नेणारे. आणि चांदणीनं हवालदारांना मांडीत शिंग मारलं.

"मारकी झाली ते," भाऊराव म्हणाले. "घरात तान्हं लेकरू हाय. उद्या त्याले मारलं तं? पुलगावकडचा एक जन घेऊन राह्यला. उद्या सकाळी येते तो. मी जबान देऊन बसलो."

"माह्यी गाय हाय," शीलाबाई म्हणाल्या. "माह्या बापानं देल्लीले सत्तावीस वर्सं झाले. मले इचारलं काय कोनं?"

मग त्या प्लास्टरवरचा धागा तोडत बसल्या. हा धागा तोडणंच मला जास्त लागलं, खोटं कशाला बोलू.

भाऊरावांनी मग कपाटातून एक कागद आणला. त्यांनी घटनेचा रीतसर पंचनामा केला होता. फिर्यादी तेच, तपास अधिकारी तेच आणि न्यायाधीशही तेच. फक्त पंचांच्या सह्या राहिल्या होत्या, कारण बायको आणि मुलगी या दोन्ही पंचांनी असहकार पुकारला होता. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं :

"मी फिर्यादी हा दूध काढण्याकामी गोठ्यात गेलो असता, सदर गाय, नामे चांदणी, रंग पांढरा, हिने कोणतेही सबळ कारण नसताना अचानक चाल करून येऊन फिर्यादीस उजव्या मांडीवर शिंग मारून दुखापत केली. सबब सदर गाय मारकी असल्याची खात्री झाली आहे."

"मॅडम, तुमी मेंदूच्या डाक्टर. हिच्या मेंदूत बिघाड हाय, तेवढं इथं लेखी द्या आन सही करा. मंग हे घरातली कटकट बंद होते."

बारा वर्षं मी नियतकालिकांच्या संपादकांना घाबरत आले. गायीच्या चारित्र्यावर प्रमाणपत्र मागणारा पहिलाच माणूस भेटला. मी मान हलवत कागद हातात घेतला, तेवढ्यात त्यांच्या डाव्या दंडावर एक जुना, लांब व्रण दिसला.

"हा पण चांदणीचाच का?"

"छ्या!" भाऊरावांनी बाही खांद्यापर्यंत वर केली. चेहरा उजळला. "हा राजानं मारला. राजा म्हनजे माह्या तरुनपनीचा गोऱ्हा. काय मस्ती होती त्याले! तीन मानसं उचलून फेकली त्यानं."

"मग त्याला विकलं असेल."

"काऊन विकू? शंकरपटात पयवला त्याले! फोटो हाय ना त्याचा, दाखवतो."

शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. फोटो होता, फ्रेम केलेला, बैठकीच्या खोलीत. राजाच्या गळ्यात झेंडूची माळ होती. चांदणीच्या गळ्यात लोढणं होतं, मारक्या गुरांच्या गळ्यात बांधतात तो लाकडाचा ओंडका. तीन माणसांना फेकणारा मस्तीत येतो, एका माणसाला ढुशी देणारी मारकी ठरते. केळझरच्या चहावाल्याला मी मनात हसले होते. आता हसू येईना, कारण 'कोणतेही सबळ कारण नसताना' हे वाक्य कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. ते माझ्याच वहीत होतं. मी फक्त एका शब्दात लिहायचे.

"तुमाले सांगतलं ना मी," शीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "माह्यं लुगडं पांघरून जा. सासूबाई बिमार होत्या तवा मामंजी तसंच काढत होते त्यायच्या गाईचं दूध."

"मी बत्तीस वर्सं खाकी घातली," भाऊराव म्हणाले. "गाय जाओ का राहो, लुगडं नेसनार नाई."

तर खटला असा होता. एका बाजूला खाकी, दुसऱ्या बाजूला लुगडं, मध्ये गाय. उद्या सकाळी पुलगावकडचा माणूस येणार आणि चांदणी जाणार.

शास्त्रज्ञाला अशा वेळी गप्प बसता येत नाही, हा आमच्या मेंदूतला बिघाड आहे. मी जाहीर केलं की ही साधी गोष्ट आहे. बाई इतकी वर्षं जवळ आलेली चालते, पुरुष आला की मारते, म्हणजे आरोपीला पुरुषांचा राग आहे. मी स्वतः आत जाते आणि दाखवते.

"मॅडम, नका जाऊ," प्रणाली म्हणाली.

"मी बाई आहे," मी म्हटलं.

उन्हं कलली होती, वारा बोचत होता, म्हणून भाऊरावांनी मघाशीच आपली जुनी खाकी लोकरीची जर्सी मला घालायला दिली होती. ती सावरत मी गोठ्यात शिरले. चांदणी रवंथ करत होती. मी प्रेमानं "चांदणे, ये गं" म्हटलं. गोऱ्हा उड्या मारत माझ्याकडे आला आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच केलं. पुढचं मला सलग आठवत नाही. ओंडका खडखडला, दावं ताणलं, काहीतरी पांढरं मोठं अंगावर आलं, आणि मी गोठ्याच्या कडेच्या बुटक्या भिंतीवरून पलीकडं शेणखताच्या खड्ड्यात बसलेली होते. हाडं शाबूत होती. चष्मा सापडला नाही. उकिरड्यात बसून दिसतं तेवढं आकाश मात्र छान स्वच्छ होतं.

भाऊराव धावत आले. दुःख व्यक्त करण्याआधी त्यांनी विचारलं, "आता करता ना सही?"

शीलाबाईंनी एका हातानं मला अंघोळीला पाणी काढून दिलं, कमरेला हळद-तेल लावून दिलं. प्रणाली बाळाला थोपटत दारात उभी होती. चेहऱ्यावर विद्यार्थिनीला शोभेल अशी नम्रता होती.

"मॅडम, नोंद कशी करू? अपवाद?"

ती वाकली आणि कोपऱ्यात पडलेली, शेणानं माखलेली खाकी जर्सी दोन बोटांत उचलली. मग तिचा चेहरा बदलला. चार वर्षं मी हा चेहरा ओळखते. उंदरानं काही अनपेक्षित केलं की तिचा असा चेहरा होतो.

"मॅडम, तुम्ही बाबांची जर्सी घालून गेला होता."

आणि मी, जिचं अर्धं आयुष्य हे समजावण्यात गेलं, ती कमरेला हळद लावून मूर्खासारखी बघत राहिले.

प्राण्याच्या मेंदूत समोरचा कोण, नर की मादी, आपला की परका, हे आधी नाक ठरवतं. नाकातून निघालेली वाट त्याच मूठभर पेशींपर्यंत जाते. उंदराचं वास घेणं बंद केलं तर नर समोरच्या नराशी भांडायचंच विसरतो. आणि दूध पाजणाऱ्या आईच्या मेंदूत त्या पेशी जाग्या होतात ते पिल्लाजवळ येणाऱ्या परक्या वासासाठी. पिल्लाचं दूध तुटलं की त्या पुन्हा झोपी जातात. चांदणीला पुरुषांचा राग नव्हता. बायकांचं प्रेमही नव्हतं. दूध काढताना भाऊरावांचा जो वास गोऱ्ह्याला कान धरून ओढत नेतो, तो वास तिनं ओळखून ठेवला होता, आणि मी तो अंगावर घालून तिच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी जेवणं झाली. झुणका, भाकरी, ठेचा आणि मौन. मी भाऊरावांना हे सगळं समजावून सांगितलं. संप्रेरकं आणि पेशी त्यांनी सहन केल्या, पण वासावर अडले.

"वासावरून जनावर एवढं ठरवते?"

"तुमच्या खात्यात कुत्रं आणायचे ना हो, चोरी झाली की?"

"श्वानपथक." त्यांनी दुरुस्त केलं. "आरोपीचा रुमाल हुंगवला का बरोब्बर त्याच्या दारात जाऊन उभं राह्यते. मी सोता पाह्यलं."

"कुत्र्याचं नाक तुम्ही पुरावा म्हणून धरता. मग गायीचं काऊन नाही धरत?"

माझ्या तोंडून 'काऊन' निघालं तसं प्रणालीनं चमकून पाहिलं. भाऊराव मिशीवरून हात फिरवत बसले. शीलाबाई मात्र उठल्या, आणि ताट उचलता उचलता, कोणाकडंच न पाहता म्हणाल्या, "बत्तीस वर्सं लोकं तुमच्या खाकीले भेत होते. तुमाले काय ओयखत होते ते? कपडाच ओयखत होते ना? गाईनं ओयखला तं ते मारकी."

भाऊराव उठले. पंचनामा उशाखाली ठेवून ते झोपायला गेले.

तिसरा दिवस : गोठा

सकाळी सातला शीलाबाईंनी मला हाक मारली आणि तोंडावर बोट ठेवून मागच्या खिडकीपाशी नेलं. चष्मा नव्हता, म्हणून मला आधी वाटलं गोठ्यात कोणी शेजारीण आहे. हिरवं, धुवट लुगडं. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. पदराच्या खाली मिशा.

भाऊराव दारात उभे होते आणि पुढं सरकत नव्हते. जन्मभर गुन्हेगारांना धरलेला हा माणूस आत्ता एका गायीसमोर घाबरलेला मला चष्म्याशिवायही स्पष्ट दिसत होता. पण गेले. चांदणीनं मान वर केली. नाकपुड्या फुगल्या. त्यांनी पदराचं टोक पुढं केलं, तिनं ते हुंगलं, आणि बराच वेळ हुंगत राहिली. शीलाबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. मग चांदणीनं फुस्स करून श्वास सोडला आणि कडब्यात तोंड घातलं.

या वेळी त्यांनी गोऱ्ह्याचा कान धरला नाही. त्याला आधी पिऊ दिलं, बायकोनं सांगितल्याप्रमाणे, मग हळूच बाजूला घेऊन आईच्या तोंडाशीच बांधलं. चांदणी त्याला चाटत राहिली. भाऊराव उकिडवे बसले, लुगड्याचा घोळ गुडघ्यात कोंबला, आणि बादलीत पहिली धार वाजली. शीलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला त्यांचा उजवा हात नव्हता आणि डाव्यानं मला सोडायला त्या तयार नव्हत्या.

आणि नेमकं तेव्हाच फाटक वाजलं.

पुलगावकडचा माणूस आला होता, हातात नवं दावं घेऊन. घरासमोर कोणी दिसेना म्हणून तो बाजूच्या बोळातून थेट मागं आला आणि गोठ्याच्या दाराशी थबकला. त्याला दिसली ती पाठ, पदर आणि बादली.

"जय भीम काकू. हवालदार साहेब हायेत काय घरी?"

बादलीतली धार थांबली. आता उठावं तर लुगडं, न उठावं तर गाय. भाऊरावांनी मान वळवली नाही. पदर आणखी दोन बोटं पुढं ओढला आणि खाकीत कधी काढला नसेल अशा बारीक आवाजात म्हणाले,

"नाई. बाहेर गेले. गाय इकाची नाई म्हनून सांगून गेले."

"असं कसं काकू? जबान देल्लती त्यायनं."

"मले इचारलं नवतं. गाय माह्यी हाय."

माझ्या दंडावरची बोटं एकदम घट्ट झाली.

त्या माणसानं हातातलं दावं गुंडाळलं. "बरं," म्हणाला. "हात लवकर बरा झाला जी तुमचा. आवाज मात्र बसला थंडीनं. हळदीचं दूध पेजा." आणि दावं खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला खरोखर कळलं नाही, की सगळं कळून तो भला वागला, हे मला आजही सांगता येत नाही.

निघण्याआधी मी प्रणालीला म्हटलं, "चौथं प्रकरण परत घाल."

"काढलं कुठं होतं मॅडम?" ती बाळाला दुपट्यात गुंडाळत म्हणाली. "तुम्हाला पाठवलेल्या प्रतीतूनच फक्त काढलं होतं."

बाळ आता माझ्या मांडीवर दिलं गेलं. मी हात धुतलेले होते.

भाऊराव तोवर शर्ट-पँटमध्ये आले होते. पंचनामा टेबलावर पसरला होता. त्यांनी 'कोणतेही सबळ कारण नसताना' यावर रेघ मारली, बाजूला लघुस्वाक्षरी केली, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : "अधिक तपासात सबळ कारण आढळून आले. कारण जागेवर हजर असून, वय तीन आठवडे. सदर गाय निर्दोष." मग कागद माझ्यापुढं सरकवला. मी पंच म्हणून सही केली. माझ्याखाली प्रणालीनं केली, आणि तिच्याखाली शीलाबाईंनी डाव्या हातानं, वाकडी का होईना, पूर्ण नावाची सही केली. चांदणीचं लोढणं भाऊरावांनी सकाळीच सोडून चुलीत घातलं होतं.

गाडीपाशी पोचवायला आलेल्या भाऊरावांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला.

"मॅडम, एक इनंती. ते लुगड्याचं पंचनाम्यात नाई आलं पायजे."

"नाही येणार," मी शब्द दिला, आणि तो पाळला आहे. पंचनाम्यात त्याचा उल्लेख नाही. प्रवासवर्णनाबद्दल ते काही बोलले नव्हते.